पांढऱ्या खताची मूठ

हूटगळ्ळीला नातीच्या शाळेत बागकाम शिकवायला मला बोलावलं. मुलांसमोर कुजवलेल्या पाल्याची टोपली उघडली, अन् त्या वासाबरोबर मी आमच्या जुन्या पानमळ्यात जाऊन पोचले.

नवीन सून होते तेव्हा. वेलींच्या बुडाला शेणखत घालायचं काम माझं. टोपल्या वाहून मान मोडायची. सासूचे गुडघे गेलेले, ती मळ्यात येत नव्हती. मग मी दुकानातलं पांढरं खत आणलं अन् दोन वर्षं चोरून मूठमूठ टाकलं. पानं तळहाताहून मोठी झाली. तिसऱ्या पावसाळ्यात वेली बुडातनं कुजल्या, सगळ्या.

सासू कशीबशी चालत आली. ओरडली नाही. मूठभर माती माझ्या नाकाशी धरली.

"वास येतोय काय गं?"

"नाही, आत्ती."

"मग मेली ती."

मळा परत उभा राहिला नाही. पुढं किती वर्षं मी लोकांच्या घरची भांडी घासली.

"अज्जी, आज काय शिकवणार?" मुलं विचारत होती. मला भाषण कुठलं येतंय. टोपलीतली, पाला कुजून झालेली माती मुठीत घेतली, अन् एकेकाच्या नाकाशी धरत गेले.