कुलपातली पुस्तकं

आमच्या कॉलेजच्या गोष्टी सांगायला बसलो की लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. मग घरी येतो आणि डोकं फिरतं! हसण्यासारखं काय होतं त्यात? तीन वर्षं गेली आमची. पण आमच्या वेळचे दोन बी.ए.वाले बसस्टँडवर भेटले की सुरू होतंच, "अबे, तुले आठवते काय..." आणि एकीतून दुसरी निघत जाते. ढीग झालाय नुसता.

तर ऐका. ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं. मूल आणि चामोर्शी या तालुक्याच्या गावांच्या मधात आमचं गाव, आणि गावात एक आर्ट्स कॉलेज. संस्थेच्या अध्यक्षांची राइस मिल होती. तिच्याच गोडाऊनात बांबूचे तट्टे ठोकून चार वर्ग केलेले. मिल चालू असली की सरांचं एक अक्षरही ऐकू येत नसे. म्हणून विजेची लाइन गेली की घंटा व्हायची! मिल बंद, तास सुरू. लाइन आली की सर रजिस्टर उचलून चालू पडायचे.

"लाइन जाते म्हणून आपण शिकून राह्यलो," विमल म्हणायची.

विमल म्हणजे आमच्या वर्गातली एकटी, जिला खरंच शिकायचं होतं. आम्ही बाकीचे डिग्रीसाठी आलेलो, खोटं कशाला बोलू! तिचा बाप दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबायचा आणि संध्याकाळी विहारात म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायचा. पोरीला नागपूरला एम.ए. करून प्रोफेसर व्हायचं होतं. तिनं तसं पहिल्याच दिवशी वर्गात सांगितलं, तेव्हा आम्ही हसलो होतो. त्याची आजही लाज वाटते.

*

इतिहासाचे सर एका जुन्या वहीतून नोट्स सांगायचे. वहीची पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. सर सांगायचे, आम्ही खाली मान घालून लिहायचो. विमल मात्र लिहायची नाही. तिच्यासमोर एक जुनी वही उघडी असायची आणि ती नुसती बोट फिरवत बसायची.

एक दिवस मधेच म्हणाली, "सर, एक ओळ राहिली."

सर भडकले. "तुला काय माहीत?"

"मोठ्या भाऊच्या वहीत हाय, सर. आठ वर्साआधी तुमीच सांगितली. इथी त्यानं लिवलं हाय, 'सरांना खोकला आला.'"

सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ती राहिलेली ओळ सांगितली, आणि पुढं त्याच जागी खोकलेसुद्धा!

*

मग आमचं श्रमदान शिबिर. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कॉलेज ओस पडायचं. पोरं आपापल्या बांधीत, प्राध्यापक आपापल्या गावी, आणि हजेरीपटावर सगळे हजर. त्या वर्षी प्रिन्सिपॉल म्हणाले, पोरं चिखलात जातातच तर देशासाठी जाऊ द्या. आम्हाला गाणी म्हणत, झेंडा घेऊन नेलं. दहा दिवस बांध घातला. अकराव्या दिवशी कळलं, ती बांधी अध्यक्षसाहेबांची!

विमल सरळ प्रिन्सिपॉलसमोर गेली. "सर, हेच कराचं होतं तर मी बाबाच्या संगच गेली असती. त्याले कायले सांगून आली, मी कॉलेजात जातो म्हणून?"

प्रिन्सिपॉल एवढंच म्हणाले, "वर्तणूक सुधार."

हा शब्द लक्षात ठेवा.

*

लायब्ररी म्हणजे एक काचेचं कपाट आणि गोमाजीभाऊ. गोमाजीभाऊ अध्यक्षांचे सोयरे. कुलपाची चाबी त्यांच्या करदोड्याला. पुस्तक मागितलं की म्हणायचे, "प्रिन्सिपॉलची चिठ्ठी आण." प्रिन्सिपॉल म्हणायचे, "गोमाजीभाऊला विचार." पुन्हा गोमाजीभाऊकडं गेलं की, "हात लावला का खराब होते पुस्तक. एवढी महागाची पुस्तकं पोराईच्या हाती देऊ काय?"

विमल रोज दुपारी त्या काचेसमोर उभी राहायची. तीन वर्षं! अरे, तीन वर्षांत माणूस देवासमोरसुद्धा इतका उभा राहत नाही. मी एकदा म्हटलं, "काऊन उभी राह्यतेस? थो काही द्याचा नाई."

"नावं तरी वाचतो," ती म्हणाली.

*

शेवटच्या वर्षी विद्यापीठाची कमिटी तपासणीला आली. विमलचा नागपूरचा फॉर्म भरून तयार होता. फक्त वर्तणुकीचा दाखला पाहिजे होता, आणि त्यावर प्रिन्सिपॉलची सही. परवा शेवटची तारीख. प्रिन्सिपॉल तिला म्हणाले, "कमिटीसमोर नीट बोल. रोज लायब्ररीत वाचते म्हण. मग सही."

कमिटीचे साहेब कपाटासमोर आले. प्रिन्सिपॉलनी विमलला पुढं केलं. "ही आमची सर्वांत जास्त वाचणारी विद्यार्थिनी!"

"वा! काय वाचलंस, बेटा?"

विमलनं दाखल्याचा कागद मुठीत धरला होता. तिनं प्रिन्सिपॉलकडं पाहिलं, मग कपाटाकडं पाठ केली आणि डोळे मिटून सुरू झाली. "वरचा कप्पा. भारताचा इतिहास, भाग एक. भाग तीन. भाग दोन नाई. मग युरोपचा इतिहास, लाल. मग राज्यशास्त्र, दोन सारखे..." चारही कप्पे, डावीकडून उजवीकडं, एक पुस्तक न चुकता!

साहेब काचेकडं बघत राहिले. "आणि आत काय आहे त्यांच्यात?"

"ते मले नाई माहीत, साहेब. कपाट कधी उघडलंच नाई."

साहेबांनी चाबी मागितली. कुलूप गंजलेलं, फिरेना. शेवटी दगडानं तोडलं. साहेबांनी भाग एक ओढला आणि हातात नुसता पुठ्ठा आला! आतून भुरूभुरू माती पडली. दुसरं काढलं, तेही तसंच. उधईनं, म्हणजे वाळवीनं, कप्पेच्या कप्पे पोखरले होते.

गोमाजीभाऊ म्हणाले, "पाहा साहेब, पोराईच्या हाती देली नाई म्हणून निदान पुठ्ठे तरी शाबूत राह्यले."

विमल खाली बसली. ती माती तिनं बोटांनी चाळून पाहिली. एखादं पान, एखादा तुकडा. काही नव्हतं. मग उठली, ओढणीला हात पुसले आणि दाखल्याचा चुरगळलेला कागद सरळ करून प्रिन्सिपॉलसमोर धरला.

"करा सर सही. वर्तणूक चांगलीच हाय ना माही? तीन वर्स झाली, एकाबी पुस्तकाले हात नाई लावला."