दुसऱ्या भागात गुण मिळत नाहीत

या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, हे माझं मत भावाला मान्य नाही. दोन्ही भाग आम्ही वाशीच्या माझ्या घरी, एकाच सोफ्यावर बसून खेळलो. खरं तर खेळायचा तो, मी बघायचो. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी एका मराठी दैनिकात बातमीदार होतो, आता डेस्कवर बसून इतरांच्या बातम्या तपासतो. तो पहिल्या भागाच्या वेळी तळोज्यात एका रसायन कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर होता. आता कांदा-बटाटा मार्केटात वजनकाट्यावर असतो. रविवारी मार्केट बंद, म्हणून सकाळी येतो आणि दुपारी जेवून जातो.

खेळात आपण एका मालवाहू अवकाशयानाचे कप्तान. दूरदूरच्या उपग्रहांवर खाणी आहेत, खाणींभोवती वस्त्या आहेत, आणि प्रत्येक वस्तीत कुणी ना कुणी अडचणीत असतं. त्यांच्याशी काय बोलायचं, हे पडद्यावरच्या तीन-चार वाक्यांतून आपण निवडायचं. पहिल्या भागात पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी होती. चांगलं वागलं की ती पांढरी होत जाई, वाईट वागलं की लाल. एका वस्तीचं पाणी मालकांनी कुलपात ठेवलं होतं. भावाने कुलूप तोडलं, लोकांनी जयजयकार केला, पट्टी पांढरी झाली आणि आम्ही पुढच्या उपग्रहाकडे निघालो. मागे वळून बघायची सोय त्या खेळात नव्हती. मला तेव्हा ते खटकलं नाही. बातमी लागली की आम्हीही पुढच्या बातमीकडे निघतो.

दुसऱ्या भागात पट्टी काढून टाकली आहे. कप्तान तोच, उपग्रह तेच, मधे काही वर्षं गेलेली. कुलूप तोडलेल्या त्या वस्तीत आपण पुन्हा उतरतो, तेव्हा टाकी कोरडी असते आणि अर्धी घरं बंद असतात. एक म्हातारी ओळखते, आभार मानते, बसायला सांगते. पाणी किती दिवस पुरेल याचा अंदाज तुम्ही तेव्हा घेतला होता का, एवढंच ती विचारते. त्यावर निवडायला तीन वाक्यं आहेत. तिन्ही खरी आहेत, आणि त्यांतल्या एकानेही तिचं समाधान होत नाही.

दोष सांगायचे तर बरेच आहेत. मारामाऱ्या पहिल्या भागात जास्त चांगल्या होत्या. दुसऱ्यातला नकाशा गोंधळाचा आहे, शेवटचा भाग घाईत उरकला आहे आणि खेळ दोनदा आपोआप बंद पडला. भावाचा आक्षेप वेगळाच आहे. "टेन्शन घ्यायला मार्केट आहे ना," तो म्हणतो. "रविवारी पण हेच? पहिल्यात कसं, काम केलं की कळायचं बरोबर केलं."

मला दुसरा भाग सरस वाटतो याचं कारण नेमकं तेच आहे. आपण काय केलं हे त्यात आपल्याला लगेच कळत नाही. कळतं तेव्हा आपल्यासमोर माणूस उभा असतो.

या मताला आणखी एक कारण आहे, आणि ते खेळातलं नाही.

दोन वर्षांपूर्वी भावाने मला कारखान्यातल्या एका गळतीबद्दल सांगितलं. पाइपचा एक जोड गळत होता, डोळे चुरचुरत होते. त्याने पाळीच्या लॉगबुकात तशी नोंद केली. चार दिवसांनी ते पान वहीत नव्हतं. मात्र त्याआधी त्याने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. फोटोचं दोघांनाच माहीत होतं: मला, आणि त्याच्याच पाळीतल्या एका मित्राला. भाऊ आणि तो एकाच डब्यातून जेवायचे.

"नाव नको हं दादा," तो म्हणाला होता.

मी नाव घातलं नाही. गळतीची बातमी मी दुसरीकडूनही पडताळून घेतली. पण बातमी भक्कम व्हावी म्हणून शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य घातलं: नोंदीचं पान गहाळ झालं असलं तरी त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो प्रस्तुत प्रतिनिधीने पाहिला आहे. त्या पाळीची नोंद कुणी केली होती हे कारखान्यात कुणालाही सांगता आलं असतं, म्हणजे फोटो कुणाचा तेही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा डाक आवृत्ती छापून निघाली होती. लांबच्या गावांसाठी लवकर छापतात ती डाक. पेण, अलिबागकडे तीच जाते. शहर आवृत्तीला वेळ होता. तिथून मी ते वाक्य काढलं आणि डेस्कला कारण दिलं, जागा कमी आहे.

सोमवारी भावाला कामावरून कमी केलं. साहेबांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता: फोटो कुणाला दिलास?

वाशीत शहर आवृत्ती येते. भावाने तीच वाचली. तिच्यात फोटोचा उल्लेख नव्हता. म्हणजे दादाने सांभाळून लिहिलं, असं त्याने धरलं. उरला मित्र. "थँक्यू दादा, तू तरी वाचवायचा प्रयत्न केलास," असं तो मला माझ्याच घरात म्हणाला. मी त्याला चहा घे म्हटलं. मित्राबद्दल त्याने पाळीतल्या सगळ्यांना सांगितलं. त्या माणसाला कारखान्यात 'साहेबांचा माणूस' हे नाव पडलं, हे मला भावाकडूनच कळत गेलं. दर वेळी मी मान हलवली.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुसऱ्या भागात एक प्रसंग आला. आमच्या यानात एक मेकॅनिक आहे. त्याच्या खाणीतली हवा खराब असल्याची माहिती त्याने कप्तानाला दिली होती, कप्तानाने ती सगळीकडे प्रसारित केली, आणि मेकॅनिकला तिथून हाकललं गेलं. तेव्हापासून तो आपल्या जुन्या जोडीदारावर डूख धरून आहे. इंजिनाजवळ बसलेला असताना तो कप्तानाला विचारतो, त्यानेच माझं नाव फोडलं ना? प्रसारणात मेकॅनिकच्या घराच्या दाराचा क्रमांक कप्तानानेच दिला होता, हे खेळणाऱ्याला ठाऊक असतं. पर्याय तीन: 'हो', 'माहीत नाही' आणि 'मी'.

भावाने 'माहीत नाही' निवडलं.

"अरे, खरं सांग ना त्याला," मी म्हणालो.

"येडा झालास का दादा? एकच मेकॅनिक आहे आपल्याकडे. तो रागावून उतरला तर इंजिन कोण बघणार, तू?"

"त्याचा जोडीदार फुकट बदनाम झालाय."

"याचा जोडीदार तरी साफ आहे," भाऊ पडद्याकडे बघत म्हणाला. "आपल्याला मिळाला तो बघ."

आतून बायकोने आवाज दिला, "तुमचं विमान खाली उतरलं असेल तर पोहे घ्या. गार झाले की मला बोलू नका."

मी उठलो नाही. "ते मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"फोटोचं. डाकेत छापलं गेलं. शहराला मी काढलं."

"डाक म्हणजे?"

मी त्याला आवृत्त्या समजावून सांगू लागलो. कोणती किती वाजता सुटते, कोणती कुठे जाते, तुझे साहेब पेणला राहतात म्हणजे त्यांच्या घरी कोणती येत असणार. हे सांगताना मला हलकं वाटत होतं, कारण हा सगळा तपशील होता आणि तपशील मला सांगता येतो. त्याने मला मधेच थांबवलं.

"तेव्हाच माहीत होतं तुला?"

"हो."

"मी थँक्यू म्हणालो तेव्हा?"

"हो."

त्याने कंट्रोलर खाली ठेवला. पडद्यावर मेकॅनिक पाना घेऊन तसाच उभा होता. "पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन तो घरी आला होता," भाऊ म्हणाला. "मी आत होतो. दार उघडलं नाही. अर्धा तास जिन्यात बसला होता तो, शेजारच्यांनी सांगितलं."

बायको बशा घेऊन बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं आणि बशा ठेवून परत आत गेली.

भावाने तिथूनच फोन लावला. पहिल्यांदा उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा उचलला गेला. "मी बोलतोय," भाऊ म्हणाला. मग बराच वेळ नुसतं "हां" आणि "अरे, ऐक तर". शेवटी म्हणाला, "तू नव्हतास. चूक झाली माझी." तिकडून काही विचारलं गेलं असावं. भावाने माझ्याकडे पाहिलं. "कुणी का असेना, सोड ना," तो म्हणाला.

दोन वर्षं मी जे केलं तेच आता तो माझ्यासाठी करत होता. मी हात पुढे केला. त्याने लगेच फोन दिला नाही. मग दिला.

मी काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. पलीकडचा माणूस ओरडला नाही. मी तयारी ओरडा ऐकण्याची केली होती.

"ती डाक का काय म्हणता, तो पेपर आहे का तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"ऑफिसच्या फायलीत असेल."

"फोटो काढून पाठवा. तारीख दिसली पाहिजे. आमच्याकडे नुसतं बोलून कोण मानत नाही. जावयाच्या घरचे पण त्याच कंपनीत आहेत."

सोमवारी मी ऑफिसात जुन्या अंकांची बांधीव फाइल काढली. पान सात, खालचा कोपरा. वाक्य होतं तसंच होतं. दोन वर्षांनी वाचतानाही त्यात व्याकरणाची किंवा वस्तुस्थितीची चूक सापडली नाही. मी तारखेसकट पानाचा फोटो काढला. बातमीवर 'आमच्या प्रतिनिधीकडून' एवढंच होतं, त्यावरून कुणाला काहीच कळलं नसतं. म्हणून फोटोखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, लॉगबुकाच्या पानाचा फोटो ज्याने काढला होता त्याचा मी सख्खा भाऊ आहे असंही लिहिलं, आणि पाठवलं.

दुपारी भावाचा मेसेज आला. फोटो कारखान्यातल्या कामगारांच्या ग्रुपवर फिरतोय, एवढंच त्यात होतं. रविवारी येणार की नाही, ते त्याने लिहिलं नव्हतं.