दारात लावलेली पाहुण्यांची गाडी

आमच्या भागातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून मुलगी बघायचे कार्यक्रमही गुरुवारीच. मी कंपनीच्या दवाखान्यात नर्स, मूळची लातूरकडची. कुरुळीत वरच्या खोलीत भाड्यानं राहते. घरमालकिणीला मावशी म्हणते, आणि पाण्याच्या मोटरवरून तिच्याशी रोज भांडते. त्या दिवशी मात्र तिच्या लेकीला बघायला येणार होते, म्हणून तिनंच मला मदतीला खाली बोलावलं होतं. बाहेरच्या खोलीत पाहुणे, म्हणजे मुलगा आणि त्याचे आई-वडील, तिच्या नवऱ्याशी बोलत बसले होते.

पोह्यांवर कोथिंबीर चिरता चिरता मावशीचा हात थांबला. जबडा चोळत ती म्हणाली, "पित्त झालंय गं. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

तिच्या कपाळावर घाम, तोंड राखेसारखं.

"छातीत दाबल्यासारखं होतंय?"

"व्हय, वाईच. डावा हात बी जड झालाय. पाहुणे गेले की पडते जरा."

"पाहुणे गेले चुलीत! आत्ता खाली बस."

तिथंच फरशीवर बसवलं, पाठ भिंतीला, मागे उशी, गुडघे वाकवलेले. गळ्याशी घट्ट बसलेलं बटण सोडलं. नाडी भरभर पळत होती आणि मध्येच चुकत होती. ॲम्ब्युलन्सला फोन लावला. साडी नेसून ट्रे भरत असलेल्या तिच्या लेकीला वरून माझी पिशवी आणायला पिटाळलं. फोनवरच्या डॉक्टरांनी विचारलं तसं मी मावशीला विचारलं, पोटात अल्सर आहे का, कुठली गोळी सोसत नाही का. दोन्हीला नाही म्हणाली, तशी त्यांच्या सांगण्यावरून लेकीनं आणलेल्या पिशवीतली ॲस्पिरिन तिच्या हातात दिली. "चावून खा. तशीच गिळू नको."

कडू तोंड करून तिनं चावली आणि माझं मनगट धरलं. "ती ॲम्ब्युलन्सची गाडी दारात आणू नगं. आईला असलं दुखणं म्हटल्यावर पोरगी कोण करंल? दोनदा मोडलंय आधीच. मी मागच्या दारानं चालत जाते."

"एक पाऊल टाकून तर बघ!" मी दबक्या आवाजात ओरडले. कंपनीत असंच छातीत दुखणारा एक माणूस चालत दवाखान्यात आला होता आणि टेबलापर्यंत पोचला नव्हता. ते मी तिला सांगितलं नाही.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा फोन आला. गल्लीत एक मोठी गाडी आडवी आहे, पुढं येता येत नाही. पाहुण्यांचीच गाडी ती. साऱ्या गल्लीला दिसावी म्हणून मावशीनंच आग्रह करकरून ती दारापर्यंत आणायला लावली होती.

"काढायला सांग," मावशी धापा टाकत म्हणाली, "पण माझं नाव घेऊ नगं. पाण्याचा टँकर आलाय म्हण."

खरं सांगते, मी टँकरच म्हणणार होते. वाद घालायला वेळ कुठं होता? पण लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पदर खोचला आणि बाहेर गेली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"माझ्या आईला हार्ट अटॅक आलाय. तुमची गाडी काढा. आत्ता!"

बाहेर खुर्च्या सरकल्या, किल्लीची शोधाशोध झाली. इकडं मावशीनं डोळे मिटले. "संपलं," ती म्हणाली. मी घाबरून तिची नाडी पुन्हा धरली. नाडी चालू होती. ती लग्नाबद्दल बोलत होती.

गाडी निघाली, स्ट्रेचर आलं. हॉस्पिटलात बंद पडलेली नस उघडली आणि मावशी वाचली. घरी आली तोवर पाहुण्यांचा निरोप आला होता: पत्रिका जुळत नाही. पत्रिका कधीच जुळवून झाली होती. राग असा आला मला!

मी रोज पुढं धरायचे, पण मावशी हॉस्पिटलनं दिलेल्या गोळ्यांना हात लावीना. कुणी बघितल्या तर पुन्हा बोभाटा होईल म्हणे. भिंतीकडं तोंड करून लेकीला म्हणाली, "त्या दिवशी गप बसली असतीस, तर जमलं असतं बघ तुझं."

लेक तिचे पाय दाबत होती. दाबायची थांबली. "आणि हळद कुणी लावली असती मला?"

तोंड न वळवताच मावशीनं माझ्याकडं हात पसरला. मी त्यावर गोळी ठेवली.