मागून म्हणायची जाहिरात

गोधडीला डांबरगोळ्यांचा वास आला की आईच्या मसाल्याची जाहिरात आठवते. घाटावर पूजा सांगणाऱ्या वडिलांनी ती बाहेरचा आवाज नको म्हणून गोधडीखाली, टेपरेकॉर्डरपुढे घामाघूम होत म्हटली. पण यजमानाने मागून म्हणावं म्हणून थांबायची सवय काही सुटेना. "घरचा कांदा-लसूण मसाला" म्हणाले की गप्प. दुसऱ्या टेपवर उतरवताना मी त्या मोकळ्या जागा गाळायला गेले, तर शब्दच तुटले. शेवटी तशीच कॅसेट रिक्षाच्या भोंग्यावर लावून आई आणि मी निघालो. "हसतील गं लोक," आई पुटपुटली. पंचवटीत भोंगा तसाच मध्ये थांबला आणि ओट्यावरच्या बायका पूजेच्या सुरात म्हणाल्या, "घरचा कांदा-लसूण मसाला!" मग एकीने डबाच पुढे केला. आईचा जीव भांड्यात पडला. वडील आता नाहीत. मी ती कॅसेट लावते तेव्हा वाटतं, बरं झालं त्या जागा राहिल्या. मला मागून म्हणता येतं.