तिथीची पाऊणपट

आम्ही आफ्रिकेला जाणार होतो. तिथल्या समुद्रकाठच्या पाणथळ रानातून काही दिवस पायी हिंडायचं, मुक्काम तंबूत, पुढे बंदूकवाला वाटाड्या, मागे आपण एका ओळीत. आयर्लंडमधल्या आमच्या नास गावातल्या निम्म्या मराठी घरांत मी ही सहल जाण्याआधीच सांगून आलो होतो. तिकीट काढलेलं नव्हतं, पण पाणघोडा माझ्याकडे कसा बघत होता, आणि मी नुसते डोळे वटारल्यावर तो कसा बुडबुडे सोडत खाली गेला, हे लोकांना पाठ झालं होतं. माझी बायको नव्या माणसाशी ओळख करून देतानाच सांगते, "ह्याने सांगितलेल्याचं निम्मं करा, आणि उरलेलं निम्मं मला विचारून घ्या." दिवसभर कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात मी केसाच्याही शतांश भागाची मापं घेतो. घरी आल्यावर जरा सैल सोडलं तर कुणाचं काय बिघडतं?

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, याच्या अगदी उलट. कोकणात आमच्या गावापुढे खाडी आहे आणि आप्पा खाडीपलीकडच्या गावात पोस्टमास्तर होते. सगळी नोकरी होडीने जा-ये करून झाली. पाणी असलं तर होडी काठाला लागायची, नसलं तर चिखल तुडवायचा. या माणसाने आयुष्यात एक गोष्ट वाढवून सांगितलेली मला आठवत नाही. एकदा पायाला साप चावला, आळी गोळा झाली, बाया रडायला लागल्या. मी तेव्हा लहान होतो, पण साप माझ्या हिशेबात तेव्हाच सात हाताचा झाला होता. आप्पा म्हणाले, "वीतभर होता. बिनविषारी. चहा टाका."

तर हे आप्पा, आई गेल्यापासून गावी एकटे. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. शेजाऱ्यांनी तिला कळवलं होतं की आप्पा सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, छत्री घेऊन, पलीकडे पोस्ट उघडायला निघाले होते. निवृत्त होऊन जमाना झाला. होडीवाल्याने गोड बोलून परत आणलं. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "फिरायला निघालो होतो. फिरायला छत्री न्यायची नाही असा कायदा आहे का?"

मी त्यांना आयर्लंडला घेऊन आलो. परतीचं तिकीट काढलेलं होतं, पण परत म्हणजे कुठे, यावर घरात रोज वाद. बहिणीचं म्हणणं, आता तिच्याकडे पुण्याला, नवव्या मजल्यावर, दाराला आतून वरची कडी. आप्पांचं म्हणणं, गावी, स्वतःच्या घरी, खाडीसमोर. मी दोघांच्या मध्ये. शेवटी आप्पांनीच तोड काढली.

"तुझ्या त्या आफ्रिकेला मला ने. चालून दाखवतो. नीट चाललो तर मी माझ्या घरी एकटा राहणार आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. काही वेडंवाकडं झालं, तर तुम्ही म्हणाल तिथे."

"तुम्ही म्हणाल तिथे" हे शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, जिंकले तर बरं, हरले तरी बरं. कसलं काय.

आप्पांचं वय ऐकून इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले आणि आफ्रिका रद्द झाली. मग बायकोने आयर्लंडमधल्याच केरी परगण्यातली सहल शोधली. ट्रली गावाच्या पुढे समुद्र जमिनीत घुसतो तिथे दलदल, वेताची बेटं, वाळूचे डोंगर आणि ओहोटीला मैलोगणती उघडा पडणारा चिखल. चार दिवस चालायचं. वाटाड्या बाई खुद्द आफ्रिकेत असल्याच पाणथळीत कितीतरी वर्षं लोकांना फिरवून आलेली. म्हणजे पाणघोडा वजा केला तर बाकी सगळं तेच.

बाई उंच, चेहरा उन्हाने भाजून चामड्यासारखा झालेला. पहिल्याच सकाळी तिने नियम सांगितले. ओळ मोडायची नाही. चालताना बोलायचं नाही. तिने मूठ वर केली की जिथल्या तिथे थांबायचं. मी म्हटलं, "इथे तर साधी म्हैससुद्धा अंगावर येणार नाही."

ती म्हणाली, "तिकडे पाणघोडा आला तर झाडावर चढता येतं. इथे भरती येते, आणि झाड नाही."

आप्पा खूश झाले. "बघ, किती बेताचं बोलते. शीक जरा."

आमच्याशिवाय डब्लिनच्या दोन निवृत्त मास्तरीण बहिणी होत्या, बस. बाईच्या मागे त्या, मग आप्पा छत्रीसह, मग बायको, शेवटी मी. बोलायला बंदी म्हणजे मला उपवासच. पण आप्पा असे चालले की काय सांगू! गवताच्या गड्ड्यावर पाय, मग पुढचा गड्डा, मध्ये काळं पाणी चमकतंय, आणि हा माणूस काठाकाठाने पोस्टाची पिशवी घेऊन चालल्यासारखा. मी दोनदा मांडीपर्यंत रुतलो. (बायको म्हणते, घोट्यापर्यंत.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूसमोर तिखटमिठाच्या पुऱ्या वाटताना एक मास्तरीण म्हणाली, "युअर मॅन इज मायटी!" म्हणजे इकडच्या बोलीत, हा गडी भलताच दमाचा. बाईनेही मान डोलवली. मी बायकोला हळूच म्हटलं, "जिंकले गं हे."

"अजून दोन दिवस आहेत," ती म्हणाली.

बाई रोज सकाळी आम्हाला भरती-ओहोटीची वेळ सांगायची. आप्पांना इंग्रजी उत्तम कळतं, पोस्टात जन्म गेला. ते ऐकून घ्यायचे, आणि मग स्वतःशीच बोटांवर काहीतरी मोजायचे. मला ठाऊक होतं काय मोजतात. आमच्या किनाऱ्यावर पोराटोरांना येणारा हिशेब आहे: आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीनला. तिथून पुढे सहा तास पाणी उतरत जातं. आप्पांनी या हिशेबावर सगळी नोकरी केली आणि एकदाही होडी चुकवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाळूच्या टेकाडाआड जेवणं झाली. समोर सगळा चिखल उघडा पडलेला, लांबवर वाळूची एक जीभ, आणि तिच्यापलीकडे दुसऱ्या काठावर चार पांढरी घरं. बाई म्हणाली, पलीकडे आपण उद्या सकाळी जाऊ, आता पाणी फिरलं आहे, भरती सुरू झाली. मी पाठ टेकली. बायको एका मास्तरणीला पुऱ्यांची कृती सांगत होती. असा किती वेळ गेला असेल? एक डुलकी.

"आप्पा कुठे आहेत?" बायकोचा आवाज.

मला आधी छत्री दिसली. चिखलाच्या मैदानात, पार आत, एक काळा ठिपका, पांढऱ्या घरांच्या दिशेने सावकाश चाललेला. आणि त्याच्या मागे, त्याच्या आणि आमच्या मध्ये, मघाशी कोरड्या असलेल्या घळींतून पाणी शिरत होतं. भरती समोरून लाटा घेऊन येईल असं मला वाटायचं. ती मागून येते, गुपचूप, दूध उतू जावं तशी.

बाई शिट्टी फुंकत धावत सुटली. मला ओरडली, "यू स्टे!" मी थांबलो नाही. इतर वेळी मी सांगतो की मी हरणासारखा धावलो. धावलो बिवलो नाही. पाय उचलला की बूट खाली राहायचा, आणि तोंडातून हाक निघत नव्हती. माझ्या तोंडातून. चिखलाचा वास नाकात होता आणि तो थेट आमच्या खाडीचा वास होता.

आप्पा एका घळीच्या काठावर उभे होते. घाबरलेले नव्हते. चिडलेले होते, पोस्टाच्या हिशेबात फरक आला की व्हायचे तसे. छत्रीच्या टोकाने पाणी दाखवत मला म्हणाले, "ही वर कशी चढतेय रे? आज द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती होऊन गेली. आता उतरायला नको का?"

मी मनात हिशेब केला. दोनाची पाऊणपट दीडच. एका पैचीही चूक नाही. फक्त तो हिशेब या समुद्राचा नव्हता. केरीतल्या पाण्याची वेळ वेगळी; आमच्या खाडीत पाणी उतरायला लागतं, तेव्हा नेमकं इथे चढायला लागतं.

"आप्पा, चला."

"अरे, पण पलीकडे..." त्यांनी पांढऱ्या घरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाईकडे. बाईने त्यांच्या काखेत हात घातला, मी दुसऱ्या. परत येताना दोन घळी ओलांडाव्या लागल्या. पाणी गार होतं, ओढ होती, आणि ते गुडघ्यापर्यंत होतं. हे मी मापूनमुपून सांगतोय. गुडघ्यापर्यंत. आप्पांचा एक बूट गेला.

टेकाडावर बायकोने त्यांना आपली शाल गुंडाळली, मास्तरणींनी थर्मासमधला चहा पाजला. बाई मला बाजूला घेऊन गेली. तिने रागावायला हवं होतं, मी तयारही होतो. पण तिने एवढंच विचारलं, "आपण कुठे आहोत हे त्यांना माहीत होतं का?"

मी म्हणालो, "त्यांचा भरतीचा हिशेब पक्का आहे."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली.

चौथा दिवस आम्ही चाललो नाही. नासला परत येताना गाडी मी चालवत होतो. मी मागच्या आरशातून आप्पांकडे बघत होतो. सवयीने हिशेब चुकला असेल, माणूस नवा असतो, समुद्र नवा असतो, चालायचंच. किंवा तो समुद्र त्यांना नवा वाटलाच नसेल. सकाळी बाईने सांगितलेली वेळ त्यांनी ऐकली होती. मी बघितलं होतं ऐकताना. त्यांना विचारावं आणि मोकळं व्हावं, तर जीभ उचलेना. माझी जीभ! शेवटी किलकेनी गावाकडची पाटी मागे गेल्यावर मीच म्हणालो, "आप्पा, असं कुणाचंही होऊ शकतं."

"मी ओळ मोडली," आप्पा म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.

रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला. बायको स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती, आप्पा सोफ्यावर. त्यांच्यामागे खिडकीबाहेर दोरीवर त्यांची ती पँट वाळत होती. दोनदा धुवूनही चिखलाची रेघ गेली नव्हती; बरोब्बर गुडघ्यावर, पट्टीने आखल्यासारखी.

"दादा, वहिनीने मेसेज केला होता. काय झालं नक्की? आप्पा पाण्यात गेले?"

आता इथे मला ओळखणाऱ्या कुणीही काय अपेक्षा केली असती? लाटा, हेलिकॉप्टर, निदान एखादा सील मासा तरी. मी म्हणालो, "पाण्यात कसले गं. डबकं होतं. तळवे ओले झाले. सगळ्यांचेच होतात तिथे."

"खरं सांग."

"खरंच. तू उगाच घाबरतेस. इतके छान चालले ते, बाई म्हणाली, असा म्हातारा मी आफ्रिकेतसुद्धा..."

"दे इकडे," आप्पा म्हणाले. फोन घेतला, नीट कानाला लावला. "ऐक गं. छातीपर्यंत पाणी होतं. पायाखाली जमीन लागत नव्हती. हा आणि ती बाई आली म्हणून वाचलो."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. फोनमधून बहिणीचं "अगं आई गं" मला इथे ऐकू आलं.

मी आप्पांकडे बघितलं. फुगवलेलं पाणी मला ओळखू येत नसेल तर कुणाला येणार? कुठे थांबायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पहिल्यांदाच करत होते. छातीपर्यंत पाणी, आणि वर जमीनही लागत नाही! मला इतर वेळी हसू आलं असतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मोकळा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, एक, दोन, पुन्हा एक.

"आप्पा," मी म्हणालो, "पाणी तर गुडघ्या..."

"छातीपर्यंत," आप्पा म्हणाले. मग फोनमध्ये, "तुझ्याकडे येतो. ती वरची कडी लावून घेईन म्हणालीस ना, ती लाव. आणि हा काय म्हणतो ते विचार त्याला, मी खोटं बोलत नाही."

फोन माझ्या हातात आला. "दादा?" बहीण म्हणाली. "दादा, खरं ना हे?"

मागे दोरीवर पँट हलत होती.

"हो गं," मी म्हणालो. "छातीपर्यंत होतं."