न दिसणारे टाके

"एक बी टाका नई शे, मंग ऑपरेशन कसानं व्हयनं?"

आत्या हे शेजारच्या काकूंच्या कानात म्हणाली. आत्याचं कानात बोलणं पुढच्या खोलीत बंगईवर झोके घेणाऱ्या आबांपर्यंत, माझ्या आजोबांपर्यंत, जातं, त्यामुळे चहाचा ट्रे घेऊन दाराशी थबकलेल्या मलाही ते ऐकू आलं. आईलाही आलं असणार. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडली होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तशी ती दोंडाईच्याहून धुळ्यात देवपूरला आमच्याकडे आली होती. आल्या आल्या, पाणी पिण्याआधी, तिने आईच्या पोटावरचा पदर बाजूला करून पाहणी केली होती.

आमच्याकडे भेटायला येणाऱ्या बायका आधी विचारतात, "कितले टाका?" मग स्वतःचे सांगतात, ओळख जुनी असेल तर दाखवतातही. आत्याचं पित्ताशय फार पूर्वी काढलेलं. बरगडीखालून निघून पार पाठीकडे वळलेला तो व्रण मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलाय, की डोळे मिटून काढून दाखवीन. आईकडे दाखवायला काहीच नव्हतं.

तिचं ऑपरेशन जळगावला झालं. पिशवीचं, म्हणजे गर्भाशय काढण्याचं. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "पोट कापायचंच नाही. खालच्या मार्गाने कॅमेरा आत न्यायचा, थोडा गॅस भरून पोटात जागा करायची, पिशवी सोडवायची आणि त्याच मार्गाने बाहेर काढायची." आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मान हलवत होती. मी डॉक्टरबाईंच्या चपलांकडे बघत होते.

बाहेर आल्यावर आई खूश होती. "म्हणजे कुणाला दिसणारच नाही!" धुळ्याच्या बसमध्ये मात्र हळूच म्हणाली, "कुठून करणार आहेत ते घरी कुणाला सांगू नको हं." मी बरं म्हटलं. मी कशाला सांगतेय? शाळेत सगळ्या अवयवांची नावं मी इंग्रजीतून शिकले. इंग्रजीत ती बिनधास्त म्हणता येतात. मराठीत तोच अवयव एकदम आपल्या घरात राहायला येतो, आणि घरात आबा असतात.

ऑपरेशननंतर आईचा खांदा दुखायला लागला. आत भरलेल्या गॅसमुळे होतं असं, दोन दिवसांत जाईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि दुखणं गेलंही. पण ही गोष्ट आत्याला फोनवर कळली होती.

"पिशवी पोटमा आनि दुखस खांदा! उलटं टांगेल व्हतं का तुले?"

आई हसली, मीही हसले. त्यात वाईट असं काही नव्हतं. फक्त त्यानंतर घरात कुणाचाच त्या ऑपरेशनवर फारसा विश्वास राहिला नाही.

आणि डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, दीड महिना जड काही उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. टाके आत आहेत, ते सुटले तर रक्तस्राव होईल आणि परत टेबलावर जावं लागेल. आखाजी नेमकी त्या दीड महिन्यात आली.

आखाजीला आमच्याकडे आमरसाबरोबर मांडे लागतात. चुलीवर खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. त्याआधी ती सैल कणीक परातीत आपटून आपटून, ओढून ओढून तिंबायची. ते काम खांद्याचं आणि पोटाचं. आमच्या घरात मांडे जमतात फक्त आईला.

"बठ्ठा पाव्हना येतीन उद्या, मांडा कोन करी?" आदल्या दिवशी सकाळी आत्याने अंगणात उभं राहून सगळ्या घराला विचारलं. "माझ्या टायमाला मी विसाव्या दिवशी विहिरीवर गेले होते. टाके सांभाळत. हिला तर सांभाळायलाही काही नाही!"

वडील मोबाइलमध्ये जास्तच खोल गेले. आबांच्या बंगईच्या कड्या कुरकुरत राहिल्या. मी आईकडे पाहिलं. तिने सांगून टाकावं असं मला फार वाटत होतं. ती उठली, पदर खोचला आणि परातीपुढे बसली.

"बघा, मी म्हणतच होते," आत्या म्हणाली. खरंच खूश होऊन म्हणाली. तिने कणकेचं पातेलं आईपुढे सरकवलं.

आईने पहिल्यांदा कणीक उचलून आपटली आणि तिचा चेहरा आवळला. कुणी पाहिलं नाही, कारण सगळे परातीकडे बघत होते. तिने दुसऱ्यांदा उचलायला हात घातला, तेव्हा मी तिचं मनगट धरलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

"आत्या, मी जिथून जन्मले ना, तिथूनच तिची पिशवी बाहेर काढलीय. टाके तिथे आत आहेत, पोटावर शोधू नकोस. आणि ती परात इकडे दे. मांडे यंदा मी करते, फाटले तर फाटके खा."