मागचं वजन

आमच्या साडूंइतका मान वर करून चालणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. त्यात ताठा बिलकुल नाही, बरं का. स्वभावानं इतका गरीब माणूस की भाजीवाल्यानं पिशवीत किडकी वांगी टाकली, तर अळीला तरी कुठं जायचंय म्हणून घरी घेऊन येईल. मान वर असते ती क्रेनसाठी. कुठं बांधकाम दिसलं की यांचे पाय आपोआप थांबतात आणि डोळे आभाळाला लागतात. या नादात एकदा जालना रोडला नालीत पडले. चार माणसं धावत आली, तर हे चिखलात बसून वरच बघत होते, आणि हात द्यायला आलेल्या माणसाला सांगत होते की इथनं हूक लई छान दिसतोय.

त्यातही कुठलीही क्रेन त्यांना चालत नाही. टायरवर पळणारी क्रेन म्हणजे त्यांच्या लेखी हातगाडी. जीव जडलाय तो लोखंडी पट्ट्यांवर सरपटत चालणाऱ्या आणि पंचवीस-तीस मजले उंच हात काढणाऱ्या क्रॉलर क्रेनवर. लग्नानंतर आम्ही दोन्ही जोडपी अजिंठ्याला गेलो होतो. सगळं जग लेण्यांत शिरून चित्रं बघत होतं आणि साडू मात्र लेण्यांकडं पाठ करून दरीकडं बघत उभे. मला वाटलं, निसर्ग बघताहेत. तर म्हणाले, "इथं क्रॉलर उतरवायची म्हणली तर उभी कुठं करायची हो?" मला काय ठाऊक! पण परतीच्या वाटेवर त्यांनी जागा शोधून काढली आणि मग अख्खी गाडी घरी येईपर्यंत तेच ऐकत बसली.

एवढं वेड म्हटल्यावर माणूस इंजिनिअर असेल, निदान ड्रायव्हर तरी, असं कुणालाही वाटेल. नावच काढू नका. साडूंचं औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान आहे. क्रेनच्या केबिनमध्ये ते जन्मात कधी बसलेले नाहीत. पण दुकानात भिंतीवर अक्षरांच्या तक्त्याशेजारी क्रेनचा फोटो आहे, आणि नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला अक्षरं वाचून झाली की हुकाला किती दोर आहेत तेही सांगावं लागतं. एका गृहस्थांनी चुकून त्या फोटोला पोकलेन म्हटलं. साडूंनी त्यांच्या डोळ्यांवर तपासणीची ती जड चौकट तशीच ठेवून पोकलेन आणि क्रेन यांतला फरक समजावून सांगितला, आणि त्या बिचाऱ्याला उठताही येईना. आमची मेव्हणी, म्हणजे हिची थोरली बहीण आक्का, हिचं म्हणणं असं की दुकान अजून चालतंय ते देवाच्या दयेनं.

तर हे साडू क्रेनची मॉडेलं करतात. बाजारातून डबा आणून जोडायची नाहीत, सगळी हातानं, तीही चष्म्यांची. पट्ट्याची प्रत्येक कडी म्हणजे जुन्या फ्रेमची बिजागरी. लांब हात असतो, ज्याला ते बूम म्हणतात, तो सगळा चष्म्याच्या काड्यांचा. अर्ध्या औरंगपुऱ्याचे जुने चष्मे त्यात खपलेत, आणि अगदी टोकाला आमच्या कैलासवासी सासऱ्यांच्या काड्या आहेत. त्या आक्कानं स्वतः काढून दिल्या. तिचा राग तेवढा पंख्यावरून. शेवटची मोठी क्रेन इतकी उंच झाली की बूम पंख्याला लागायला लागली, म्हणून साडूंनी पंखा उतरवला, तोही मे महिन्यात. संभाजीनगरचा मे! आक्का मला म्हणाली, "दाजी, क्रेनला हवा लागत नाय, माणसाला लागती, एवढं सांगा की त्यास्नी." मी सांगितलं. साडूंनी तिला हातपंखा आणून दिला.

क्रेन नुसती दिसायला चांगली असून भागत नाही, तिनं भार उचललाच पाहिजे, हा साडूंच्या घरचा कुळाचार. नवं मॉडेल झालं की शुभकार्याला नारळ ठेवतात. फोडत नाहीत, उचलतात. फरशीवर लाल फीत लावली जाते, सगळ्यांनी फितीच्या मागं बसायचं, साडू शिट्टी वाजवतात, चरखी फिरवतात आणि नारळ जमीन सोडतो. पुढं एवढा भार घेऊन क्रेन तोंडावर पडत नाही, कारण तिच्या पाठीशी वजन रचलेलं असतं. खऱ्या क्रेनला त्या जागी लोखंडाच्या लाद्या असतात. साडूंनी पत्र्याच्या डब्या केल्या होत्या. आधी वाळू भरली, ती गळून चाकांच्या दात्यांत गेली. मग त्यांना तूरडाळ सापडली. गळत नाही, आणि चमच्यानं कमीजास्त करता येते. आक्कानं कुरकुरत का होईना, डब्यातली डाळ काढून दिली.

दोन वर्षांमागं पैठण रोडला चितेगावात एका कारखान्यात खरीखुरी क्रॉलर क्रेन आली. साडूंनी दर सोमवारी दुकान बंद ठेवलं आणि डबा घेऊन कारखान्याच्या फाटकासमोर बाभळीखाली मुक्काम ठोकला. आधी वॉचमनला हा माणूस चोर वाटला, मग वेडा वाटला, शेवटी तोच यांना चहा द्यायला लागला. त्यानंच हे क्रेनचं काम बघणाऱ्या मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमनी मॉडेलचे फोटो बघितले आणि सांगितलं की क्रेन परत जायच्या आत एकदा घेऊन या, आमच्या सगळ्या माणसांसमोर भार उचलून दाखवा. साडूंना जन्मभर लोक हसत आले. सासुरवाडीत तर आम्ही सगळेच हसायचो, मी जरा जास्तच. क्रेनवाल्यांनी क्रेनसाठी बोलावलं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्या आठवड्यात त्यांनी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले.

कारखान्यात जायच्या आदल्या दिवशी आम्ही पाचोडहून एका लग्नावरून येत होतो. ही म्हणाली, आक्काकडं थांबून तिच्या दाजींना, म्हणजे साडूंना, शुभेच्छा देऊन जाऊ. न कळवता सहा माणसं जेवायला हजर झालो. साडू टेम्पो ठरवायला गेलेले. आक्कानं तेवढ्या गडबडीत असं काही घट्ट वरण केलं की मी तीनदा मागून घेतलं.

सकाळी मी सोबत गेलो. साडू क्रेनला कुणाला हात लावू देत नव्हते. मागच्या वजनाच्या डब्या तेवढ्या माझ्याकडं दिल्या, म्हणाले, यात तुम्ही काही बिघडवू शकत नाही. मी त्या मांडीवर घेऊन बसलो. चांगल्या हलक्या होत्या. मला वाटलं, मॉडेलच आहे, असतील हलक्या.

कँटीनमध्ये दोन टेबलं जोडून क्रेन उभी राहिली. हेल्मेटवाली माणसं फितीमागं शिस्तीत उभी. डब्या मी जागेवर सरकवल्या, साडूंनी नारळ बांधला, शिट्टी वाजवली. दोर ताणला गेला, नारळ थोडा हलला, आणि अख्खी क्रेन मागून उचलली जाऊन तोंडावर आपटली. बूम वाकली. डब्या फुटल्या आणि टेबलभर पसरले ते मुरमुरे!

कुणी हसलं नाही. क्रेन पडलेली बघून क्रेनवाले हसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमनी हळूच विचारलं की मागच्या वजनाचं काय झालं. साडूंनी एक मुरमुरा उचलला, माझ्याकडं बघितलं, आणि मला एकदम कालचं वरण आठवलं.

"चूक माझी आहे," साडू म्हणाले. "उचलायच्या आधी वजन तपासायचं असतं. मी तपासलं नाय."

मग त्यांनी सगळे मुरमुरे गोळा केले. टाकायला कागद पुढं केला कुणीतरी, तर नको म्हणाले आणि शर्टाच्या खिशात भरले. मॅडम त्यांना खऱ्या क्रेनपाशी घेऊन गेल्या. केबिनमध्ये बसता का, असंही विचारलं. साडू बसले नाहीत. मागं गेले आणि रचलेल्या लाद्यांवर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले.

येताना टेम्पोत मी म्हणालो की आक्कानं निदान सांगायचं तरी. खरंतर मला माझाच राग आला होता, पण तो काढायचा कुणावर! साडू म्हणाले, "घरात डाळ नव्हती, माणसं दारात. तिनं काय करावं? आणि डब्या तिनं रिकाम्या नाय ठेवल्या हो. मला वाईट वाटंल म्हणून भरून ठेवल्या." तिला यातलं काही कळू देणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. दारात आक्का वाटच बघत होती. उचललं का, म्हणाली. उचललं, साडू म्हणाले, चांगलं हातभर. आणि तो नारळ तिच्या हातात दिला. तिनं तो देवापुढं ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी साडू दुकानात असताना मी त्यांच्या घरी गेलो होतो. क्रेन दुरुस्तीला काढलेली, सासऱ्यांच्या काड्या सरळ करून पुन्हा टोकाला बसवलेल्या. आक्का चहा ठेवता ठेवता म्हणाली, "दाजी, त्या दिवशी नारळ उचललाच नव्हता ना?" उचलला की आक्का, मी म्हणालो, माझ्यासमोर. ती गॅस बारीक करत म्हणाली, "मंग त्यांचा शर्ट धुवाया काढला, त्यात मुरमुरे कुठनं आले?" मी दुरुस्तीला काढलेल्या क्रेनकडं बघायला लागलो. तीच म्हणाली की त्यास्नी सांगू नका मला कळलंय म्हणून, लई हौसेनं खोटं बोललेत ते.

आता आम्ही त्यांच्याकडं कळवल्याशिवाय जात नाही, आणि जाताना पिशवीत तूरडाळ नेतो. परवा दुरुस्त क्रेनचा नारळ होता. लाल फीत, शिट्टी, सगळं साग्रसंगीत. चरखीला हात लावायच्या आधी साडू थांबले, भरलेल्या डब्या त्यांनी आक्कापुढं धरल्या आणि म्हणाले, "बघ गं, वजन बरोबर हाय का?" तिनं एकेक डबी तळहातावर घेऊन तोलली, वर न बघता म्हणाली, "हाय." साडूंनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांचे डोळे हुकाला लागले होते. आक्का फितीमागं माझ्याशेजारी येऊन बसली, पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं, आणि नारळ हळूहळू फरशीवरनं उठला.